संस्थानिकांचे तनखे : एका वचनाचा इतिहास



आजचा विषय राजेरजवाड्यांचा असला तरी तो हत्ती-अंबारीचा किंवा दसऱ्याच्या स्वारीचा नाही. विषय पैशाचा आहे, आणि पैशाहूनही अधिक तो दिलेल्या शब्दाचा आहे. १९४७ ते १९४९ ह्या अवघ्या दोन-अडीच वर्षांत हिंदुस्थानातील साडेपाचशेहून अधिक लहानमोठी संस्थाने स्वतंत्र भारताच्या नकाशात मिसळून गेली. त्या वेळी संस्थानिकांनी आपली राज्ये दिली आणि सरकारने त्यांना एक वचन दिले. सालिना ठराविक तनखा मिळेल, तो करमुक्त असेल, आणि आपले मानमरातब व हक्क राखले जातील, असे ते वचन होते. हे वचन राज्यघटनेत लिहिले गेले. ते बावीस-तेवीस वर्षे पाळले गेले आणि १९७१ च्या डिसेंबरात घटनेतूनच काढून टाकले गेले. त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. वाद घालणारे बहुतेक निघून गेले, राग-लोभ ओसरले. तेव्हा राज्याने शब्द कसा द्यावा, कसा पाळावा, आणि पाळणे अशक्य झाले तर तो कसा सोडवून घ्यावा, ह्या दृष्टीने ह्या हकीकतीकडे शांतपणे पाहण्यास हरकत नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. इंग्रज ज्याला ‘प्रिव्ही पर्स’ म्हणत, त्याला आपण ‘तनखा’ म्हणू लागलो. फारसीत ह्या शब्दाचा अर्थ पगार. पण दख्खनच्या जुन्या कागदांत तनखा म्हणजे गावाच्या जमिनीवर ठरविलेली सरकारी आकारणी. म्हणजे रयतेकडून जे घ्यावयाचे त्याचे नाव तनखा, आणि राजाला जे द्यावयाचे त्याचेही नाव तनखाच! भाषेने केलेली ही गंमत आहे खरी, पण तिच्यात एक सत्य आहे. राजाच्या हाती पडणारा रुपया शेवटी कुणाच्या तरी शेतातूनच आलेला असतो.

मराठेशाहीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असा भेद माहीत होता. दौलत म्हणजे राज्याची मिळकत, खासगी म्हणजे घराण्याची. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांना खासगीचे उत्पन्न स्वतंत्र लावून देण्यात आले. पुढे अहिल्याबाईंनी देशभर जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्यांचा खर्च मुख्यतः ह्या खासगीतून झाला. परंतु ही शिस्त सर्वत्र नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक संस्थानांत सरकारी तिजोरी कोठे संपते आणि महाराजांची थैली कोठे सुरू होते, हे कारभाऱ्यालाही सांगता आले नसते. जेथे राजा सयाजीराव किंवा शाहू छत्रपती ह्यांच्यासारखा असे, तेथे त्याच तिजोरीतून शाळा निघत. बडोद्यात १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, कोल्हापुरात १९१७ साली. पण जेथे राजा तसा नसे, तेथे रयतेच्या घामाचा पैसा शिकारी, शर्यती आणि विलायतच्या वाऱ्या ह्यांत जाई, आणि त्याला विचारणारे कोणी नसे. हा भेद आपण लक्षात ठेवावा, कारण १९४८ सालच्या तनख्याने प्रथमच सर्वत्र एक रेघ ओढली. इतके तुमचे, बाकीचे सारे लोकांचे.

राज्य गेलेल्या राजाला तनखा देण्याची रीत मात्र जुनी आहे, आणि आपल्या महाराष्ट्राला तिचा अनुभव कडू आहे. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाख रुपयांपेक्षा कमी नाही इतका तनखा माल्कमने कबूल केला. ही रक्कम फार झाली असे कलकत्त्यास गव्हर्नर जनरलला वाटले, पण माल्कमने शब्द दिला होता म्हणून तो पाळण्यात आला. बाजीराव ब्रह्मावर्तास साडेबत्तीस वर्षे जगला आणि कंपनीचे अडीच कोटींहून अधिक रुपये त्या शब्दापायी गेले. १८५१ च्या जानेवारीत तो वारला. तनखा त्याला आणि त्याच्या कुटुंबाच्या पोषणासाठी होता. मग कुटुंब म्हणजे कोण? दत्तकपुत्र नानासाहेब कुटुंबात मोडतो की नाही? डलहौसीने उत्तर दिले, तनखा बाजीरावाबरोबर संपला. नानासाहेबांनी लंडनला अर्ज केला, अजीमुल्लाखानास विलायतेस धाडले. काही उपयोग झाला नाही. त्यापुढचे १८५७ आपणांस ठाऊक आहे.

साताऱ्याची कथाही ह्याच जातीची. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळाले, १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले, आणि १८४८ साली त्यांचे बंधू शहाजी निपुत्रिक वारताच संस्थान खालसा झाले. प्रतापसिंहांची बाजू घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे पार्लमेंटच्या सभासदांचे, कंपनीच्या भागीदारांचे, वर्तमानपत्रांचे उंबरे झिजविले आणि १८५३ साली ते रिकाम्या हातांनी परत आले. ह्या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. वचन देणारी कंपनी, वचनाचा अर्थ लावणारी कंपनी आणि तक्रार आली तर निवाडा करणारीही कंपनीच. रंगो बापूजींना लंडनमध्ये श्रोते मिळाले, पण न्यायाधीश मिळाला नाही. एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून आपण विसाव्या शतकात येऊ.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले, तेव्हा संस्थानिकांनी हिंदी संघराज्याच्या हाती फक्त तीन विषय दिले होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकीचा कारभार त्यांच्याच हाती होता. तो त्यांच्याकडून घेण्याचे काम सरदार वल्लभभाई पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन ह्यांनी केले. ह्या कामाचा एक आरंभबिंदू आपल्या नागपुरात आहे. १९४७ च्या डिसेंबरात ओरिसातील संस्थानिकांच्या सह्या कटकला झाल्या आणि लगोलग १५ डिसेंबरला छत्तीसगडच्या संस्थानिकांच्या सह्या नागपूरला झाल्या. त्या वेळी तनख्याचे एक कोष्टक ठरले. संस्थानच्या सरासरी वार्षिक उत्पन्नातील पहिल्या लाखावर शेकडा १५, पुढच्या चार लाखांवर शेकडा १०, आणि पाच लाखांवरील उत्पन्नावर शेकडा साडेसात, मात्र एकंदर तनखा दहा लाखांच्या वर जाऊ नये.

ह्याचा हिशेब सोपा आहे. लाखभर उत्पन्नाच्या संस्थानिकास पंधरा हजार, पाच लाखांच्या संस्थानिकास पंचावन्न हजार, आणि दहा लाखांच्या संस्थानिकास साडेब्याण्णव हजार. म्हणजे राज्य जितके मोठे तितके तनख्याचे प्रमाण कमी. इतर भागांत कमीअधिक फरकाने ह्याच धर्तीवर रकमा ठरल्या. ज्यांना दहा लाखांची मर्यादा ओलांडू द्यावी लागली अशी मोठी संस्थाने अकरा निघाली. हैदराबादच्या निजामाचा आकडा सर्वांत मोठा, पन्नास लाख, पण तो त्यांच्या हाली नाण्यात, म्हणजे आपल्या नाण्यात सुमारे त्रेचाळीस लाख. बडोद्यास साडेसव्वीस लाख, म्हैसूरला सव्वीस, ग्वाल्हेरला पंचवीस, जयपूर व त्रावणकोरला अठरा-अठरा, इंदूरला पंधरा. अकरांपैकी बडोदे, ग्वाल्हेर आणि इंदूर ही तीन घराणी मराठ्यांची, हे सहज ध्यानात येईल. ह्या वाढीव रकमा सामान्यतः त्या त्या राजाच्या हयातीपुरत्या होत्या. वारसाला दहा लाखच मिळावयाचे होते. यादीच्या दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रातील कटोडियाचे संस्थानिक होते. त्यांचा तनखा होता सालिना १९२ रुपये, म्हणजे महिना सोळा रुपये! ‘राजेमहाराजे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निजामाची तिजोरी येते, कटोडियाचे सोळा रुपये येत नाहीत. पुढच्या साऱ्या वादात ही चूक दोन्ही पक्षांनी केली.

आपल्या दक्षिणी संस्थानांचे विलीनीकरण ८ मार्च १९४८ रोजी झाले. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सावंतवाडी ही संस्थाने मुंबई इलाख्यात मिळाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले, बडोदे १ मे १९४९ रोजी. ह्यांतील औंधचे नाव निराळे घेतले पाहिजे. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३८ साली, म्हणजे कोणी मागावयास येण्याच्या पुष्कळ आधी, आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले आणि गांधीजींच्या सल्ल्याने पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना अमलात आणली. सुमारे बहात्तर गावांचे हे संस्थान. पण राजा आपणहून आपल्या सत्तेला मर्यादा घालू शकतो, हे त्या लहानशा संस्थानाने दाखवून दिले. आपणहून केलेला त्याग आणि तडजोडीने घेतलेला त्याग ह्यांतील फरक औंधकडे पाहिले की कळतो.

आता तनख्यांची एकंदर रक्कम किती? सुरुवातीस ती वर्षाला पावणेसहा कोटींच्या आसपास होती. १९५१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या छत्तीस कोटी भरली. म्हणजे माणशी सालिना अडीच आणे. ह्या अडीच आण्यांच्या मोबदल्यात देशाला काय मिळाले? देशाच्या क्षेत्रफळाचा फार मोठा हिस्सा, हजारो मैलांचे लोहमार्ग, संस्थानी तिजोऱ्यांतील कोट्यवधींची शिल्लक, आणि हैदराबाद, जुनागढ, काश्मीर अशी थोडी प्रकरणे वगळता हे सारे यादवीवाचून मिळाले. फाळणीच्या आगीत होरपळत असलेल्या देशाला त्या क्षणी आणखी पाचशे भांडणे परवडणारी नव्हती.

म्हणूनच १२ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सरदार उभे राहिले, तेव्हा त्यांनी तनख्याला दान म्हटले नाही. संस्थानिकांनी आपल्या वाट्याचे काम केले आहे, राज्याधिकार सोडले आहेत, आता आपल्या वाट्याचे काम राहिले आहे आणि ते म्हणजे ही हमी पूर्णपणे पाळणे, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. ती न पाळणे हा विश्वासघात होईल, असेही त्यांनी बजावले. समितीने ते मानले. घटनेच्या २९१ व्या कलमाने तनखे भारताच्या संचित निधीवर भार म्हणून ठेवले गेले, म्हणजे संसदेच्या वार्षिक मतदानापासून ते मुक्त झाले. त्यांवर प्राप्तीचा कर नव्हता. ३६२ व्या कलमाने मानमरातबांची हमी दिली. आणि ३६३ व्या कलमाने ह्या करारांतून निघणारे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. हे शेवटचे कलम विसरू नका. हमी तर घटनेत आली, पण तिच्याबद्दल दाद मागण्याचा दरवाजा त्याच घटनेने लावून घेतलेला दिसत होता.

मानमरातब म्हणजे काय काय? कोणाला किती तोफांची सलामी, ह्यावर संस्थानी जगात प्रतिष्ठा तोलली जाई. एकवीस तोफांचे मानकरी पाचच होते, हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर. कोल्हापूरला एकोणीस. मोटारीवर तांबडी पाटी आणि घराण्याचे निशाण, वाड्यावर पहारा, जकातीची माफी, शस्त्रांच्या परवान्यातून सूट, जन्मदिवसाची स्थानिक सुट्टी, आणि केंद्र सरकारच्या संमतीवाचून दिवाणी दावा लावता न येणे अशा ह्या सवलती होत्या. पैशापेक्षा ह्या गोष्टीच लोकांच्या डोळ्यांत अधिक खुपत. तनखा बँकेत जातो, तो कोणाला दिसत नाही. तांबड्या पाटीची मोटार मात्र रस्त्यावरून जाते.

ह्या साऱ्या इमारतीचा पाया एका शब्दावर होता, ‘मान्यता’. घटनेच्या ३६६ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींनी ज्याला मान्यता दिली तो संस्थानिक. ही मान्यता काढूनही घेता येते, ह्याचा पहिला मोठा अनुभव बडोद्यास आला. प्रतापसिंहराव गायकवाडांनी विलीनीकरणालाच आव्हान देण्याचा आणि राजांचा संघ उभारण्याचा उद्योग आरंभिला. संस्थानच्या तिजोरीतून त्यांनी उचललेल्या मोठ्या रकमांचा वाद होताच. १९५१ साली त्यांची मान्यता काढली गेली आणि एकवीस वर्षांचे फत्तेसिंहराव गादीवर मान्य झाले. साडेसव्वीस लाखांचे दहा लाख झाले. एका सहीने हे घडू शकते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. ह्या सहीने एका राजाला काढता येते, तर सर्वांनाच का काढता येऊ नये, हा प्रश्न मात्र एकोणीस वर्षांनी विचारला गेला.

दरम्यान काळ बदलत होता. १९५३ साली पंडित नेहरूंनी मोठ्या तनखेदारांना पत्रे लिहून, तनख्याचा काही भाग आपणहून सोडावा असे सुचविले. प्रतिसाद फार थोडा मिळाला. तेव्हा जर दहा-वीस मोठ्या घराण्यांनी पुढाकार घेतला असता, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. संस्थानिक वर्गाने आपल्या हाताने दवडलेली ती संधी होती. पुढे साठाव्या दशकात दुष्काळ पडला, रुपयाचे अवमूल्यन झाले, महागाई वाढली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत घटले आणि कित्येक राज्ये तिच्या हातून गेली. काही राजघराणी विरोधी पक्षांत उघडपणे उतरली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मध्य प्रदेशातील काँग्रेसचे मंत्रिमंडळ कोसळले आणि त्यामागे ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे होत्या. तनखा आणि राजकारण ह्यांची गाठ पडली.

ह्याच सुमारास, १९६७ च्या जूनमध्ये, काँग्रेस महासमितीपुढे आपल्या महाराष्ट्राचे मोहन धारिया ह्यांनी उपसूचना मांडली की सवलतींबरोबर तनखेही रद्द व्हावेत. रात्र झाली होती, बहुतेक सभासद निघून गेले होते, आणि १७ विरुद्ध ४ मतांनी ती संमत झाली. एवढ्या मोठ्या वचनाचा निकाल एवढ्या थोड्या हातांनी लावावा ह्याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मोरारजी देसाईंनी तर हा वचनभंग असल्याचे स्पष्ट म्हटले. पुढे संस्थानिकांशी बोलणी करण्याचे काम आले गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे. बोलणी तीन वर्षे चालली. तनखे बंद झाल्यावर काही काळ संक्रमणभत्ता द्यावा, अशाही योजना निघाल्या. परंतु तनखे बंद करावयाचेच, ही सरकारची पहिली अट होती आणि हीच गोष्ट संस्थानिकांना अमान्य होती. तडजोड झाली नाही.

दोन्ही बाजूंची मांडणी आपण न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. तनखे रद्द करा म्हणणारे म्हणत, प्रजासत्ताकात सर्व नागरिक सारखे, मग काही नागरिकांना केवळ जन्माच्या जोरावर सरकारी तिजोरीतून करमुक्त पैसा कोणत्या कामाबद्दल द्यावयाचा? कुळकायदा आला, इनामे गेली, वतने गेली, पाटील-कुळकर्ण्यांची पिढीजात सत्ता गेली. मग सर्वांत मोठे वतनदार तेवढे कसे राहतात? त्यावर संस्थानिकांचे उत्तर असे की, हा दानधर्म नव्हे, खरेदीखत आहे. माल ताब्यात घेतल्यावर किंमत देण्याचे नाकारणे ह्याला सुधारणा म्हणत नाहीत. रक्कमही आता मोठी उरली नव्हती. वारसा-वारसागणिक कमी होत १९७० च्या सुमारास ती पावणेपाच कोटींवर आली होती आणि तनखेदार पावणेतीनशेच्या वर होते. १९७१ च्या लोकसंख्येने भागले तर माणशी नऊ पैसेही होत नाहीत. नऊ पैशांनी गरिबी हटणार नव्हती, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. वाद तत्त्वाचा होता, आणि तत्त्वे दोन्हीकडे होती. एकीकडे समता, दुसरीकडे सत्यवचन.

१९७० च्या सप्टेंबरात घटनादुरुस्तीचे विधेयक संसदेपुढे आले. लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ मतांनी ते मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झाले, बाजूने १४९, विरुद्ध ७५. एकूण मते २२४, त्यांचे दोन-तृतीयांश १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! लोकशाहीत अशा वेळी थांबावयाचे असते. पण सरकार थांबले नाही. त्याच रात्री मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी ह्यांच्या सहीने सर्व संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेण्यात आली. बडोद्यास एकावर चाललेले शस्त्र आता सर्वांवर चालविले गेले. संसदेत जे साधले नाही ते कचेरीत साधले.

ह्या ठिकाणी १८५१ आणि १९७० ह्यांतील फरक दिसून आला. नानासाहेबांना अजीमुल्लाखानास समुद्रापार पाठवावे लागले होते. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने ३६३ व्या कलमाकडे बोट दाखवून न्यायालयाचा दरवाजा बंद असल्याचे सांगितले. अकरा न्यायाधीशांनी प्रकरण ऐकले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी नऊ विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला. राष्ट्रपतींचा मान्यतेचा अधिकार घटनेच्या चौकटीत वापरण्यासाठी आहे, घटनेने हमी दिलेला सबंध वर्गच एका हुकमाने पुसून टाकण्यासाठी नाही, असे सांगून हुकूम रद्द ठरविण्यात आला. सरदारांचे निधन १५ डिसेंबर १९५० चे. त्यांच्या वचनाला न्यायालयाने आधार दिला तो बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेस.

सरकारपुढे आता एकच सरळ मार्ग उरला, लोकांकडे जाण्याचा. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. १९७१ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. प्रथम संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार चोविसाव्या दुरुस्तीने पक्का करून घेण्यात आला आणि डिसेंबरात, बांगलादेशाच्या युद्धाच्या धामधुमीत, सव्विसावी दुरुस्ती दोन्ही सभागृहांत संमत झाली. २८ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. २९१ आणि ३६२ ही कलमे गळाली, ३६३-अ हे नवे कलम आले, आणि संस्थानिकांची मान्यता व तनखे दोन्ही संपले. पुढच्या वर्षीच्या कायद्याने मानमरातब गेले. एका वाड्यापुरती कराची सवलत तेवढी मागे राहिली. भरपाई म्हणून कोणाला काही मिळाले नाही. हयातीचा भत्ता नाही, संक्रमणाची मुदत नाही.

ह्या दुरुस्तीविरुद्धचा शेवटचा झगडा कोणी केला, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. तो मोठ्या तोफांच्या राजांबरोबरच आपल्या कृष्णाकाठच्या कुरुंदवाडच्या धाकट्या पातीचे संस्थानिक रघुनाथराव गणपतराव ह्यांनी केला आणि खटल्याला नाव पडले ते त्यांचेच. निकाल लागला १९९३ साली. पाच न्यायाधीशांच्या पीठाने दुरुस्ती वैध ठरविली. तनखे आणि मानमरातब हा घटनेच्या मूळ गाभ्याचा भाग नाही, आणि ते काढल्याने समतेचे व बंधुत्वाचे तत्त्व दुबळे न होता बळकटच होते, असे न्यायालयाने म्हटले. एकशे बेचाळीस वर्षांपूर्वी डलहौसीनेही ‘नाही’ म्हटले होते आणि सर्वोच्च न्यायालयानेही ‘नाही’च म्हटले. पण पहिला नकार ज्याच्या अंगी देणे लागत होते त्यानेच दिला. दुसरा नकार दोन्ही बाजू ऐकून, कारणे देऊन दिला गेला. हरलेल्या माणसाला एवढे तरी मिळालेच पाहिजे.

मग वचन मोडले की नाही? मला वाटते ते उत्तर असे. तनखे कधीतरी जावयाचेच होते, आणि ते गेले हे योग्य झाले. कोणत्याही पिढीला पुढच्या सर्व पिढ्यांच्या वतीने अखंड देणे कबूल करता येत नाही. सरदारांच्या पिढीने ते कबूल केले तेव्हा देशाची ती निकड होती आणि तो सौदा स्वस्त पडला. पण निकड सरली तरी शब्द आपोआप सरत नाही. तो सोडवून घ्यावा लागतो. १९७० च्या सप्टेंबरातील रीत चुकीची होती, कारण ती कंपनी सरकारची रीत होती. १९७१ ची रीत बरोबर होती, कारण ती मत मागून, बहुमत मिळवून, घटनेच्या वाटेने आली. तिच्यात एकच उणेपणा राहिला, आणि तो लहान नाही. इनामे आणि जमीनदाऱ्या काढताना सरकारने थोडी का होईना, भरपाई दिली होती. येथे पाच-दहा वर्षांचा उतरता भत्ता देऊन शब्द सन्मानाने फेडता आला असता. निजामाच्या वारसाला त्याची गरज नव्हती. पण वाड्याच्या पडक्या भिंती, आश्रित नातेवाईक आणि जुने नोकर सांभाळणाऱ्या लहान घराण्यांना होती. मोठ्यांच्या वैभवाचा राग लहानांवर निघाला.

आणि शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. राजांना दिलेले वचन घटनेत लिहिले गेले होते, ते मोडताना संसद, राष्ट्रपती, अकरा न्यायाधीश आणि देशातील नामांकित वकील एवढे सगळे जागे झाले. सरकार वचने फक्त राजांनाच देते असे नाही. कोयनेच्या धरणासाठी ज्यांनी घरेदारे आणि शेते सोडली त्यांनाही पुनर्वसनाचा शब्द मिळाला होता, आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना कित्येक दशके झगडावे लागले. त्यांचे करार कोणत्याही घटनेच्या कलमात नव्हते. संस्थानिकांच्या तनख्यांचा इतिहास वाचून राज्याच्या शब्दाची किंमत आपल्याला कळली असेल, तर ती किंमत प्रथम अशा माणसांच्या खात्यावर मांडली पाहिजे. तोफांची सलामी एकवीस असो की एकही नसो, सरकारने दिलेला शब्द सारख्याच वजनाचा असला पाहिजे. प्रजासत्ताकात समता म्हणतात ती हीच.